डेकवरचं भोक

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारी बस मुर्धा, राई, मोर्वा अशी एकेक गावं मागे टाकत जाते. वाटेत मिठागरं लागतात, पुढे डोंगरी, आणि मग समुद्राचा वास बसच्या खिडकीतून आत शिरतो. १ जूननंतर या रस्त्याने गेलात तर किनारा वेगळाच दिसेल. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या काळात उत्तन, पाली, चौकच्या बोटी वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि बोंबील वाळवायचे बांबूचे मांडव रिकामे उभे असतात. हे दिवस सुट्टीचे मात्र नसतात. ताडपत्र्यांखालून रंधा, हातोडी, ग्राइंडर यांचे आवाज येत राहतात. वर्षभरात लाटांनी जे जे ढिलं केलं, ते नारळी पौर्णिमेच्या आत घट्ट व्हायला हवं असतं.

या प्रकरणात मी एकाच दुरुस्तीबद्दल लिहिणार आहे. शिडाच्या छोट्या होडीच्या, म्हणजे डिंगीच्या, डेकवर बसवलेलं सामान हलायला लागलं तर काय करायचं? काम स्क्रू ड्रायव्हरच्या पाच मिनिटांचं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्या पाच मिनिटांपायी माझी होडी वर्षभर आतून कुजत राहिली.

डिंगी म्हणजे एक-दोन माणसांची, इंजिन नसलेली होडी. मुलं ज्या ‘ऑप्टिमिस्ट’वर शीड शिकतात, ती जेमतेम २.३ मीटर लांब असते. १९४७ साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी तिचा आराखडा केला. मोठ्या माणसांची ‘लेझर’ सुमारे ४.२ मीटरची, तिचं शीड सात चौरस मीटरचं. आपल्या मुंबईच्या समुद्रालाही डिंग्या नव्या नाहीत. १९८२च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या होत्या, आणि दोघांनी चालवायच्या ‘फायरबॉल’ डिंगीत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं.

अशा होडीवर सामान थोडंच असतं. शिडाची दोरी ज्यातून फिरते ती कप्पी, दोरी अडकवायचे क्लीट, डोलकाठीचे ताण धरणाऱ्या पट्ट्या, मागे सुकाणूची बिजागरी, आणि पायपट्टीच्या दोन कड्या. पायपट्टी म्हणजे होडीच्या तळाशी लांबीला ताणलेला जाड नवारीसारखा पट्टा. वारा वाढला, होडी कलली, की काठावर बसायचं, पाय या पट्ट्याखाली अडकवायचे आणि पाठ पाण्यावर झुकवायची. तेव्हा तुमचं सगळं वजन त्या दोन कड्यांवर येतं. एकेक कडी दोन किंवा चार स्क्रूंवर उभी असते.

ओढ किती असते, याचा थोडा हिशेब करू. वारा १५ नॉटचा, म्हणजे तासाला सुमारे २८ किलोमीटर असेल, तर सात चौरस मीटरच्या शिडावर तीस-पस्तीस किलो वजनाइतका जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. त्यातही स्थिर ओढ लाकडाला आणि स्क्रूला फारशी छळत नाही. छळतो तो हिसका. दर चार सेकंदांनी एक लाट धरली, तर तासाला नऊशे हिसके. एका दुपारी दोन तास होडी चालवली की कडीचे स्क्रू अठराशे वेळा वर ओढले गेले आणि अठराशे वेळा सुटले. स्क्रूला आडवा जोर पेलतो. सरळ वर उपसणारा जोर त्याला सगळ्यात कमी पेलतो, आणि पायपट्टीची कडी नेमकी वरच ओढली जाते.

माझी होडी फायबरग्लासची, चार मीटरच्या आसपास, तिसऱ्या हाताने घेतलेली. पालीला एका मित्राच्या वाडीत ती ठेवतो. आदल्या वर्षी मागची कडी हलायला लागली, तेव्हा मी जुने स्क्रू काढून एक नंबर जाड आणि अर्धा इंच जास्त लांब असे नवे पिळले, कडीभोवती सिलिकॉनची रेघ ओढली आणि समाधानाने घरी आलो. फेब्रुवारीत एका दुपारी वायव्येचा वारा चांगला भरला होता. मी काठावर पूर्ण झुकलो होतो. कडी आवाज न करता निघाली. मी उताणा पाण्यात, आणि होडी माझ्याशिवाय दहा-बारा मीटर पुढे. हातातली दोरी सुटली नव्हती म्हणून होडी वाऱ्याला तोंड करून थांबली. पोहत जाऊन चढलो, आणि पायपट्टीशिवाय हळूहळू किनाऱ्याला आलो. डेकवर दोन भोकं उरली होती आणि त्यांतून तपकिरी पाणी पाझरत होतं.

किनाऱ्यावर एक वयस्क सुतार शेजारच्या बोटीच्या फळ्या बदलत होते. मी कडी आणि स्क्रू त्यांना दाखवले, आणखी जाड स्क्रू कुठे मिळतील म्हणून विचारलं. त्यांनी स्क्रू हातातही घेतले नाहीत.

“स्क्रू काय बघता भाऊ? भोक बघा.”

मग नारळाच्या झाडूची एक हीर मोडून त्यांनी ती भोकात घातली. ती बोटभर आत गेली, कशालाही न अडकता. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला गडद, ओला, कुजट वासाचा लगदा होता. चहाचा जुना चोथा असतो तसा. त्यांनी हीर मला वास घ्यायला दिली आणि परत आपल्या फळीकडे वळले. त्यानंतर त्या होडीबद्दल मी जे जे शिकलो, ते सगळं त्या हिरीच्या टोकापासून सुरू झालं.

डेक बाहेरून एकसंध दिसतं, पण आतून ते थरांचं असतं. वर चकचकीत जेलकोट, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याखाली फायबरग्लासची पातळ कातडी. जिथे सामान बसायचं असेल, तिथे त्या कातडीच्या खालून प्लायवुडचा किंवा लाकडाचा ठोकळा चिकटवलेला असतो. बऱ्याच डिंग्यांत उरलेल्या जागी दोन कातड्यांच्या मध्ये फोम भरलेला असतो, कारण फोम हलका आणि ताठ. स्क्रूचे आटे धरतात ते त्या लाकडाच्या ठोकळ्यात. फायबरची कातडी इतकी पातळ असते, की तिच्यात एखाद-दुसरा आटा कसाबसा बसतो. लाकूड आणि फायबर यांची ही जोडी मुळात वाईट नाही. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला ज्या ‘म्हादेई’वरून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१०ला परतले, ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली बोटही मध्ये लाकूड आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लास अशीच आहे. एकच अट असते. आतल्या लाकडाला पाणी लागता कामा नये, आणि डेकवरचं प्रत्येक भोक ही अट मोडायला टपलेलं असतं.

गोष्ट घडते ती अशी. कडीखालचं सीलंट उन्हाने कडक होतं, त्याला केसाएवढी भेग पडते. हिसक्यासरशी कडी जराशी उचलली जाते आणि खाली बसते. दर वेळी ती पंपासारखी थेंबभर पाणी भोकात ओढते. लाकूड फुगतं, सुकतं, पुन्हा फुगतं. आट्यांभोवतीचे तंतू मऊ पडतात, म्हणून कडी जास्त हलते. जास्त हलली की जास्त पाणी. जाड स्क्रू घातला की काही दिवस तो नव्या, अजून धड असलेल्या लाकडात घट्ट बसतो, आणि कुजणं आणखी खोलवर न्यायला वाट करून देतो. मी वरून ओढलेली सिलिकॉनची रेघ तर आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडू देत नव्हती.

यात भाईंदरच्या माणसाला ओळखीचा असा एक भाग आहे, तो म्हणजे मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून गेलं तरी मीठ भोकात राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलीच वाफ ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. पावसाळ्यात घरातली मिठाची बरणी पाझरते, तेच हे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता या रेषेच्या वरच रेंगाळते. म्हणजे होडी पाण्याबाहेर, ताडपत्रीखाली, कोरड्या वाडीत ठेवली तरी खारट भोक आतून ओलंच राहतं. म्हणून कुजलेलं भोक सुकवण्याआधी ते गोड्या पाण्याने धुवायला हवं. ओल्या लाकडात आणखी पाणी ओतणं मनाला पटत नाही, पण मीठ निघून गेल्याशिवाय ते लाकूड सुकतच नाही.

आता स्क्रूकडे येऊ, कारण तोही निर्दोष नसतो. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये स्टीलची भांडी बनतात. त्या गल्ल्यांतून जाताना पत्रा दाबल्याचा आणि पॉलिशच्या चाकांचा आवाज दिवसभर ऐकू येतो. ‘स्टेनलेस’ हा शब्द तिथे रोजचा, त्यामुळे स्टेनलेसला गंज येतच नाही अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात या पोलादात क्रोमियम असतं आणि त्याचा ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पोलादाला वाचवतो. पापुद्र्याला ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन मिळताच तो स्वतःहून भरून येतो. पण स्क्रूचा जो भाग ओल्या, बंद भोकात असतो, त्याला ऑक्सिजन मिळत नाही. पापुद्रा भरून येत नाही, मिठातलं क्लोराइड पोलादाला बारीक खड्डे पाडत जातं. वरचं डोकं चमकत असतं आणि आतली दांडी मधोमध टोकरलेली असते. डोक्याभोवती फिकट चहासारखा डाग दिसला, तर आत काय चाललंय याची ती खूण समजावी.

समुद्रासाठी ३१६ नंबरचं स्टेनलेस घ्यावं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. भांड्यांसाठी ३०४ किंवा त्याहून स्वस्त २०२ चालतं. दुकानात लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, अस्सल आहे’ असं सांगतात, पण या तिन्हींशी चुंबक जवळपास सारखाच वागतो. चुंबकावरून ३१६ ओळखता येत नाही. भंगारवाल्यांकडे मॉलिब्डेनम ओळखायचं थेंबाचं औषध असतं. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात पॅकिंगवर किंवा डोक्यावर ‘ए-४’ लिहिलेले बोल्ट मागावेत. ‘ए-४’ म्हणजे ३१६च्या घराण्यातले. चार बोल्टांना चार पैसे जास्त पडले तरी कुरकुर करू नये. तुमचं वजन त्यांच्यावर टांगलेलं असणार आहे.

सुताराच्या हातातलं काम मी नंतर बरेच दिवस पाहत बसायचो. फळीला खिळा ठोकण्याआधी ते नेहमी आधी बारीक भोक पाडत, आणि खिळ्याच्या डोक्याखाली तेलात भिजवलेल्या सुताचे दोन-तीन वेढे देत. खिळा शेवटपर्यंत गेला की ते सूत डोक्याखाली दाबून गच्च बसायचं. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर गलबतं बांधणाऱ्यांची ही जुनी रीत आहे. खिळ्याचं काम लाकूड धरण्याचं, आणि सुताचं काम खिळ्याच्या वाटेने येणारं पाणी अडवण्याचं. दोन कामं, दोन वेगळ्या वस्तू. फायबरच्या डेकवर मी एकट्या स्क्रूकडून दोन्ही कामांची अपेक्षा करत होतो.

दुरुस्तीला लागण्याआधी दुखणं किती पसरलंय ते कळायला हवं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडीभोवती हलकेच ठोकत जावं. धड जागी टणक, कोरडा आवाज येतो. कुजलेल्या जागी आवाज बसतो, फुटक्या माठावर टिचकी मारल्यासारखा. कुठे बदल होतो तिथे पेन्सिलीने खूण करत गेलं, की डेकवर दुखण्याचा नकाशा तयार होतो. माझ्या होडीवर तो साधारण तळहाताएवढा निघाला. जेलकोटवर कडीपासून बाहेर धावणाऱ्या चांदणीसारख्या बारीक भेगा दिसल्या, तर तिथे कातडी वाकतेय, म्हणजे खालून आधार सुटलाय.

सामान काढल्यावर भोकं गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतली. मग सुकवणं. एप्रिल-मेमध्ये ऊनच हे काम करतं. मला मात्र पावसाळाच गाठावा लागला, म्हणून ताडपत्रीखाली होडी सरळ ठेवून आत एक १०० वॅटचा जुना, तापणारा बल्ब टांगला, लाकडाला आणि ताडपत्रीला न टेकेल असा, आणि एक पंखा. चार दिवसांनी भोकावर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला. रात्रीतून त्याच्या आतल्या बाजूला दव धरलं. म्हणजे लाकूड अजून ओलं. सातव्या दिवशी प्लॅस्टिक कोरडं राहिलं. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, कारण ओल्या लाकडाला कुठलंच रेझिन नीट धरत नाही.

त्यानंतर भोक मोठं करायचं. कडीचा बोल्ट पाच मिलिमीटरचा असेल तर भोक १२ मिलिमीटरचं करावं. ड्रिल आधी उलट दिशेने फिरवून जेलकोटमधून न्यावं, म्हणजे कपचा उडत नाहीत, आणि मग सरळ फिरवावं. एक जुना खिळा काटकोनात वाकवून ड्रिलमध्ये बसवला, की तो कातडीखाली फिरून कुजलेला लगदा खरवडून काढतो. बाहेर येणारा भुसा तपकिरी होता तो हळूहळू फिकट, मग पांढरट लाकडाच्या रंगाचा झाला, तेव्हा मी थांबलो. व्हॅक्यूम क्लीनरने भोकं स्वच्छ केली.

आता भरायचं काय? गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारे फायबरवाले पॉलिस्टर रेझिन वापरतात. ते स्वस्त असतं, झटपट होतं. पण ते सुकताना आकसतं आणि जुन्या लाकडाला फारसं धरत नाही. शिवाय त्यात कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट अशी दोन औषधं लागतात, ती कधीही एकमेकांत थेट ओतायची नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. दोन्ही थेट एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. या कामाला इपॉक्सीच हवं. घरात कप चिकटवायला आणतो ते पाच मिनिटांत सुकणारंही इपॉक्सीच, पण ते पाण्यात तितकं टिकत नाही. सावकाश, दिवसभरात घट्ट होणारं घ्यावं.

इपॉक्सीचं माप काट्यावर करावं. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडं जास्त झालं तर ते लवकर सुकतं एवढंच, त्यामुळे त्या कामाचा हात असलेले कारागीर इपॉक्सीतही ‘घाल थोडं जास्त हार्डनर’ म्हणतात. इथे तसं चालत नाही. इपॉक्सीत रेझिनचा प्रत्येक रेणू हार्डनरशी ठरलेल्या प्रमाणात जोडला जातो. जास्तीचं हार्डनर कुणाशीच न जोडता आत तसंच राहतं आणि सगळं कायमचं मऊ, चिकट करतं. हातमोजे घालावेत. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की जन्मभर सुटत नाही.

भोकांच्या खालच्या बाजूला टेप लावून आधी पातळ इपॉक्सी ब्रशने आत फिरवलं, म्हणजे लाकडाचे तंतू ते पिऊन घेतात. दहा मिनिटांनी उरलेल्या इपॉक्सीत बारीक सिलिकाची पूड घातली. ही पूड इतकी हलकी असते, की डबा उघडताच हवेत तरंगते. मास्क लावूनच काम करावं. पीनट बटरसारखं दाट झालं की मोठ्या सिरिंजने तळापासून वर भरत आलो, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. कपात जास्त वेळ ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, धूर येतो. म्हणून पसरट थाळीत कालवावं.

दुसऱ्या दिवशी भोकांवर मेणासारखा चिकट थर आला होता. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर असा थर येतोच. तो पॉलिश पेपरने घासला तर जाण्याऐवजी पसरतो. साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने तो निघतो, मग घासून पृष्ठभाग सपाट करावा.

आता त्या इपॉक्सीच्या खांबाच्या मधोमध पाचचं नवं भोक. बोल्टाभोवती सर्व बाजूंनी साडेतीन मिलिमीटर घट्ट इपॉक्सी उरतं. बोल्टाच्या बाजूने पाणी आत आलं तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही. भोकाची वरची कड मोठ्या ड्रिलने किंचित खोलगट करावी, दीड-दोन मिलिमीटर. या खोलगटात सीलंट बसतं आणि बोल्टाभोवती त्याचं कडं तयार होतं. सुताराचे सुताचे वेढे जे काम करतात, ते इथे हे कडं करतं.

स्क्रूऐवजी मी आरपार बोल्ट घातले, खालून नायलॉनचं कडं असलेले नट. त्यासाठी आत हात जायला हवा, म्हणून डेकवर आधीच एक गोल झाकण बसवलं होतं. अशी झाकणं साधारण १२५ मिलिमीटरची मिळतात, आणि ती डोलकाठीपासून आणि काठापासून लांब, जिथे जोर कमी येतो तिथे बसवावीत. नटाखाली नेहमीचं दहा मिलिमीटरचं वॉशर पुरत नाही. पंचवीसचं घेतलं तर जोर सहापटीहून जास्त जागेवर पसरतो. त्याहून चांगली म्हणजे पट्टी. मी भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यातून दोन मिलिमीटर जाड पत्र्याचा कापून उरलेला तुकडा आणला, त्याचे कोपरे गोल केले आणि दोन्ही बोल्टांखाली एकच पट्टी लावली. होडीच्या आत, कोरड्या जागी, भांड्यांचं ३०४ स्टीलही चालून जातं.

सीलंटबद्दल मी हट्टी आहे. न्हाणीघरातलं सिलिकॉन होडीवर वापरू नये. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते तर नाहीच, कारण सुकताना ते ॲसिड सोडतं. शिवाय सिलिकॉनचा अंश फायबरवर एकदा राहिला, की नंतर तिथे रंग किंवा दुसरं सीलंट धरत नाही. माझ्या आदल्या वर्षीच्या रेघेचा अंश खरवडून काढायला मला सबंध दुपार लागली. ब्युटाइल टेप उत्तम. ती च्युइंगगमसारखी कायम मऊ राहते आणि सामान परत काढायचं झालं तर निघते. काशिमीऱ्याच्या बाजूला गाड्यांच्या काचा बसवणाऱ्यांकडे असतं ते पॉलियुरेथेनही चालतं, पण ते इतकं घट्ट धरतं, की पुढे कडी काढताना जेलकोट सोबत येऊ शकतो.

टेप कडीखाली आणि बोल्टाच्या डोक्याखाली गुंडाळून बोल्ट खाली सोडला. आता वरचं डोकं पान्याने घट्ट धरायचं आणि खालून फक्त नट फिरवायचा. डोकं फिरलं तर त्याखालचं सीलंट पिळवटून तुटतं. पहिल्या दिवशी टेप कडेने किंचित बाहेर येईपर्यंतच आवळायचं. दुसऱ्या दिवशी पाव फेरा, तिसऱ्या दिवशी आणखी पाव. सगळं एकदम आवळलं तर टेप पूर्ण बाहेर पिळली जाते आणि धातूखाली काहीच उरत नाही. कारागिराचा हात इथे ताकदीपेक्षा धीराने ओळखला जातो.

कुठे ॲल्युमिनियमच्या क्लीटमध्ये स्टेनलेसचे बोल्ट जात असतील, तर मध्ये नायलॉनचं वॉशर आणि थोडं लॅनोलिन लावावं. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजत जातं.

नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. होडी बंद पोकळीची असल्याने तपासायची सोपी रीत आहे. सगळी बुचं लावली, एका बुचाच्या जागी रबरी नळी बसवली, डेकवर प्रत्येक सामानाभोवती भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं. नळीतून फक्त तोंडाने फुंकायचं. सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर कधी लावू नये, होडीचे सांधे फाटू शकतात. मी फुंकत होतो आणि सुतारकाका गुडघ्यावर बसून एकेक जागा बघत होते. नव्या कडीभोवती साबणाचं पाणी शांत होतं. एकही बुडबुडा नाही. मग ते पुढे सरकले, आणि उजव्या बाजूच्या क्लीटपाशी थांबले. त्या क्लीटला मी हातही लावला नव्हता. ते हलत नव्हतं, घट्ट होतं. त्याच्या मागच्या स्क्रूच्या डोक्याशी मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला आणि त्याच जागी दुसरा आला.

काकांनी कोपऱ्यातला झाडू ओढला, एक हीर मोडली आणि माझ्या हातात दिली.